साताऱ्याचा दरबार आणि लक्ष्मीबाईंचे चौसष्ट अध्याय

सांगलीतील आमच्या घरी संध्याकाळची माळेची प्रार्थना आटोपली की आई एक भजन म्हणत असे. चाल अभंगाची, शब्द साधे, आणि संबोधन थेट प्रभू येशूला. हे गीत आपल्याच चर्चमधील कुणा जुन्या धर्मगुरूने रचले असावे, अशी आम्हा भावंडांची समजूत होती. ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे, टिळक प्रॉटेस्टंट होते आणि त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे आमच्या शेजारच्या साताऱ्यात गेली, हे पुष्कळ उशिरा कळले. आईला ते कधीच कळले नाही. कळते तरी तिने भजन थांबवले नसते.

नित्य शास्त्रपठणाने मनाला धीर कसा येतो, या विषयावर आपल्या नियतकालिकांतून बरेच लिहिले गेले आहे. ते बहुधा उपदेशाच्या अंगाने असते. प्रस्तुत लेखकाला उपदेशाचा अधिकार नाही. एका पती-पत्नीची हकीकत मात्र वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. तिचा एक धागा साताऱ्यात गुंतलेला आहे आणि दुसरा, थोडा अनपेक्षितपणे, गोव्यातील राशोलच्या जेझुइट मठाशी जाऊन पोहोचतो.

सातारा हे एके काळी छत्रपतींच्या गादीचे शहर. १८४८ साली आप्पासाहेब महाराज निवर्तले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. पाठोपाठ, १८४९ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने तेथे आपले ठाणे मांडले. उत्तरेस वाईची विद्वत्परंपरा, नैर्ऋत्येस समर्थांचा सज्जनगड. अशा गावात ख्रिस्ती धर्म बाहेरचा पाहुणा म्हणूनच आला आणि दीर्घकाळ पाहुणाच राहिला. 'दासबोधा'चे नित्य वाचन करणाऱ्या घरांना पवित्र शास्त्र हे साहेबाचे पुस्तक वाटले, यात नवल ते काय? ते वेष्टनही साहेबी घेऊनच आले होते.

हे वेष्टन उतरवावे, ही टिळकांची तळमळ होती. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन ते साताऱ्यास राहावयास आले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. नाव मोठे मार्मिक आहे. दरबार म्हटला की राजा आला आणि राजाचे सेवक आले. कारकून, पगार व वार्षिक अहवाल यांना तेथे गौण स्थान. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, अशी टिळकांची कल्पना होती. कॅथलिक वाचकाला ही कल्पना जशीच्या तशी मान्य होणे कठीण. बाप्तिस्मा हा आपल्या श्रद्धेचा उंबरठा आहे, आणि उंबरठा ओलांडल्यावाचून घरात आलो असे आपण म्हणत नाही. परंतु उंबरठ्याबाहेर उभे राहून आत डोकावणाऱ्या माणसाविषयी टिळकांना जी कणव होती, तिचे मूळ त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होते. ते स्वतः तसे दोन वर्षे उभे होते.

ती हकीकत १८९३ सालची. नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने त्यांना पवित्र शास्त्राची प्रत दिली, ती वाचण्याची विनंती केली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळक हे जन्माने चित्पावन ब्राह्मण, व्यासंगाने संस्कृतज्ञ आणि वृत्तीने कवी. भाकिताची त्यांनी पर्वा केली नसावी. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. वाचता वाचता संत मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोहोचले, आणि तेथून त्यांचा पाय निघेना. ज्या प्रश्नांची उत्तरे ते हिंदू धर्मग्रंथांत शोधत होते, ती आपल्याला येथे सापडली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. टिळकांना कुणी वादात जिंकले नाही. वादविवादाचे ते युग होते. मुंबई-पुण्याकडे मिशनरी आणि शास्त्रीपंडित यांच्या जाहीर चर्चा दोन पिढ्या रंगल्या होत्या. टिळक बदलले ते एकट्याने, रोज थोडे थोडे वाचून. पुस्तक हाती पडले आणि बाप्तिस्मा झाला, या दोहोंमधील काळात नोकरीची चिंता होती, आप्तस्वकीयांचा धाक होता, आणि सर्वांत जड म्हणजे पत्नी दुरावेल ही भीती होती. ती भीती खरी ठरली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळ्याचा कडक आचार. लग्न लहानपणीच झाले. अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, तीही तुटक तुटक. कारण नवऱ्याचा पाय एका गावी ठरत नसे आणि हाती पैसा टिकत नसे. पती ख्रिस्ती झाल्याचे वर्तमान आले तेव्हा त्या लहानग्या मुलासह आप्तांकडे होत्या. त्या काळी अशा स्त्रीची स्थिती विधवेहून चमत्कारिक होती: नवरा जिवंत, पण तो नाही असे समजून राहावयाचे. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे परतल्या, त्याही आपला आचार सांभाळून. हळूहळू, स्वतःच्याच विचाराने, त्यांच्या मनातील जातिभेद गळून पडला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त असे हसतखेळत सांगितले आहे की वाचकाला दुःखाची खोली पुस्तक मिटल्यावर कळते. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. ज्या कॅथलिक घरांत हे पुस्तक नाही, त्यांनी एखादे भिंतीवरचे घड्याळ कमी घ्यावे आणि हे घ्यावे, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा स्वतःचा गळा दिला. त्यांच्याआधी आपल्याकडे इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे विलायती चालींवर गाइली जात. शब्द मराठी आणि श्वास परका. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सारे प्रभूच्या सेवेला लावले. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. 'अभंगांजली'तील त्यांचे अभंग हे त्यांच्या उत्तरायुष्यातील नित्य चिंतनाचे फळ आहे. हे अभंग एका बैठकीत सलग वाचू नयेत. रोज एक वाचावा; तेव्हाच ध्यानात येते की येथे शास्त्रातील एखादे वचन प्रथम मनात मुरले आहे, आणि मग त्याला छंद फुटला आहे.

त्यांची मोठी आकांक्षा मात्र वेगळी होती. ख्रिस्ताचे समग्र चरित्र मराठी ओवीत गावे, रामायणासारखे 'ख्रिस्तायन' रचावे, असा संकल्प त्यांनी साताऱ्यास येण्याच्या पुष्कळ आधी सोडला होता. काम सुरू झाले, थांबले, पुन्हा सुरू झाले. लेखन, संपादन, प्रवास, पाहुणे, आश्रयाला आलेली मुले, आणि शेवटी दरबार. साताऱ्याहून ते मुंबईस गेले ते आजारपणात. ९ मे १९१९ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभ्या राहिलेल्या संस्थांचे असेच होते. 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्याय तेवढे कागदावर उतरले होते.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीत होत्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी ते अपुरे काव्य हाती घेतले आणि त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून पुरे केले.

हे वाक्य वाचून वाचक पुढे जाईल म्हणून येथे थोडे थांबतो. टिळकांचा मृत्यू १९१९ मधला, लक्ष्मीबाईंचा २४ फेब्रुवारी १९३६ चा. दोहोंत सतरा वर्षांहून कमी अंतर. म्हणजे सारी वर्षे हाच एक उद्योग केला असे मानले तरी वर्षाकाठी सरासरी चार अध्याय पडतात. आणि हाच एक उद्योग नव्हता: संसार होता, समाजाची कामे होती, स्वतःच्या कविता होत्या, शिवाय 'स्मृतिचित्रे'ही याच काळातील. अशा वेळी महाकाव्य कसे होते? ते एका झपाट्यात होत नाही. आज बेथलेहेम, उद्या मिसरकडे पलायन, परवा नाझरेथ, असे एकेक प्रसंगापुढे बसावे लागते. चार शुभवर्तमानकार एकच घटना कुठे सारखी सांगतात, कुठे वेगळी; ती चारही पाने समोर घेऊन पुन्हा पुन्हा वाचावी लागतात. पेत्र कोंबडा आरवल्यावर रडला, हे एका वाक्यात वाचून होते. पण ते ओवीत आणावयाचे तर तो अंगणात कुठे उभा होता, शेकोटीचा उजेड त्याच्या तोंडावर कसा पडला होता, दासीने त्याला कसे निरखले, हे सारे मनाच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून लेखणी हलत नाही. संत इग्नेशियसने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात चिंतनाची नेमकी हीच रीत घालून दिली आहे: प्रसंगाचे स्थळ डोळ्यांपुढे आणावे, माणसे पाहावीत, ती काय बोलतात ते ऐकावे. ते पुस्तक १५४८ साली छापले गेले. लक्ष्मीबाईंच्या हाती ते आले असण्याचे काही कारण दिसत नाही. पण कामाने त्यांना तीच वाट धरायला लावली.

समीक्षकांनी 'ख्रिस्तायना'तील टिळकांचा भाग काव्यगुणांत सरस ठरवावा, हे स्वाभाविक आहे. टिळकांच्या ओवीत संस्कृत पंडिताची नजाकत आहे, लक्ष्मीबाईंची ओवी घरगुती. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर प्रभूच्या चरित्राला ती घरगुती ओवीच अधिक शोभते. हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. तिची गोष्ट सांगण्याचा अधिकार, ज्या बाईने जन्मभर घर झाडले तिचा थोडा जास्त.

संत लूकनेच पेरणाऱ्याचा दृष्टान्त सांगताना एक शब्द घातला आहे, जो मत्तय आणि मार्क यांच्याकडे नाही. चांगल्या जमिनीत पडलेले बी फळ देते ते धीराने, असे तो म्हणतो. जमीन चांगली आहे एवढ्याने भागत नाही. सातारा-सांगलीच्या वाचकाला हे सांगावयास नको. कृष्णाकाठच्या काळ्या रानाची आणि माण, जत, आटपाडीच्या माळाची गत निराळी असली, तरी वाट दोन्हीकडे पाहावीच लागते.

आता राशोलकडे वळू. कॅथलिक वाचकाच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल की हे सारे आपल्या शेजाऱ्यांचे वैभव झाले, आपले काय? आपले असे, की 'ख्रिस्तायना'च्या तीनशेहून अधिक वर्षे आधी एका कॅथलिक धर्मगुरूने हाच संकल्प सोडला होता आणि तो तडीसही नेला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले: रोमन लिपी, मराठी ओवी, सुमारे अकरा हजार ओव्या. ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या जन्माची कथा आली आहे. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी वाचावयाला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याचे आपल्यावर मोठे ऋण आहे. श्रद्धेला रोजचे वाचन लागते, वर्षातून चार सणांनी तिचे पोट भरत नाही, हे त्या माणसाने ओळखले होते.

पुढे गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे कानडा मुलखात गेली तेव्हा या पुराणाच्या हस्तलिखित प्रती त्यांच्याबरोबर गेल्या. १६१६ च्या मूळ आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. पण मंगळूरकडच्या घरांतून प्रती नकलून घेतल्या जात होत्या, वाचल्या जात होत्या. म्हणून जोसेफ सालढाणा यांना १९०७ साली मंगळूरला तो ग्रंथ पुन्हा छापता आला. देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यात काढली ती १९५६ मध्ये. छापखान्याने जे गमावले ते घरच्या पारायणाने राखले.

आणि तरीही, ज्या सह्याद्रीच्या अलीकडे आपण राहतो तेथील कॅथलिक घरांत शास्त्राचे पुस्तक फार उशिरा आले, हे कबूल केले पाहिजे. आपल्या घरांत माळ होती, संतांची चरित्रे होती, नोव्हेना होत्या. १९०३ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेला 'निरोप्या' खेड्यापाड्यांतून पोहोचत होता. हेच डोरिंग पुढे पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पण पवित्र शास्त्र उघडून बसणारा माणूस दिसला की तो 'तिकडचा' असे समजण्याची आपल्याकडे चाल होती. मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचाराला गेलेल्या आपल्या माणसांना याचे नवल वाटे, की तेथे शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर प्रार्थना करीत. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये प्रथम सांगलीस आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेचे रुग्णालय उघडले. त्यांच्यापासून चालत आलेली ती प्रथा.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ही आडभिंत काढली. १८ नोव्हेंबर १९६५ च्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या संविधानाने प्रापंचिकांसह सर्वांना वारंवार शास्त्रवाचन करण्याचा आग्रह केला, आणि १९६९ च्या नव्या वाचनक्रमाने रोजच्या मिस्सेला शास्त्राचे ताट पूर्वीपेक्षा कितीतरी भरून वाढले. सामान्य काळात सोमवार ते शनिवार आधी मार्क, मग मत्तय, मग लूक असे शुभवर्तमान क्रमाने चालते. रविवारचे चक्र तीन वर्षांचे. टिळकांची भजने आपल्या मिस्सेत आली तीही परिषदेने देशी भाषांना उपासनेचे दार उघडल्यानंतर. म्हणजे आमच्या आईच्या ओठी ते भजन आले त्यामागे रोममधील एक परिषद आणि साताऱ्यातील एक मोडलेला दरबार, दोन्ही होते.

एक हिशेब मांडून पाहिला आहे. मत्तयचे २८ अध्याय, मार्कचे १६, लूकचे २४, योहानाचे २१, एकूण ८९. रोज एक अध्याय वाचला तर तीन महिन्यांच्या आत चारही शुभवर्तमाने होतात, आणि वर्षात चार वेळा होतात. एका अध्यायाला सावकाश वाचूनही पाव तास पुष्कळ होतो. अडचण पाव तासाची नसते. अडचण अकराव्या-बाराव्या दिवशी येते, जेव्हा नवेपण संपलेले असते आणि ओळखीचा दृष्टान्त पुन्हा समोर येतो. लक्ष्मीबाईंचा तिसाव्या-चाळिसाव्या अध्यायाच्या सुमारास असा एखादा महिना गेला नसेल, असे मला वाटत नाही. टिळक असते तर एक ओळ विचारता आली असती. विचारण्याला कुणी नव्हते.

'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पुस्तकरूपात ते त्यांनी पाहिले नाही.

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या भागातील काही कुटुंबांनी माळेनंतर एक अध्याय वाचण्याचे ठरवले. राखेच्या बुधवारी नऊ घरची माणसे जमली. मार्क संपेपर्यंत पाच घरे उरली होती. पुनरुत्थानाच्या सणानंतर कुणी पुढे काय असे विचारले नाही, तेव्हा शेजारच्या वृद्ध बाईंनी स्वतःच लूकचे पान काढून ठेवले. पावसाळ्यात वीज जाई तेव्हा त्या पुस्तक मिटत नसत. त्यांना पुष्कळसे पाठ आहे. अंधारात त्या पुढचे सांगत राहत, आणि मेणबत्ती सापडेपर्यंत आम्ही ऐकत असू.